चौकटी आखाव्यात की चेहरा बांधावा?

पहिलंवहिलं व्यक्तिचित्र काढणाऱ्याचे डोळे हमखास वर जातात. म्हणजे कागदावर! केसांखालची कवटी आपण हिशेबातच धरत नाही. खरं तर डोक्याचा माथा ते हनुवटी या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे येतात. ही गफलत टाळायला नवशिक्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात : फोटोवर चौकटी आखून उतरवणं, किंवा अँड्र्यू लूमिस या अमेरिकी चित्रकाराच्या पद्धतीने गोळ्यापासून डोकं बांधत जाणं.

चौकटींचं काम सरळ आहे. फोटोवर १ सेंमीच्या, कागदावर २ सेंमीच्या चौकटी आखल्या की चित्र दुप्पट आकाराचं होतं. मग एका वेळी एकच चौकट बघायची. पापणीची रेघ डाव्या बाजूला कितीशा उंचीवरून आत शिरते, वरच्या कोपऱ्याच्या किती अलीकडून बाहेर पडते, एवढंच. आपण डोळा काढतोय हे विसरायला होतं आणि तेच हवं असतं, कारण डोक्यातला बदामी आकाराचा ठरीव डोळा मध्ये लुडबुडत नाही. चक क्लोज या अमेरिकी चित्रकाराला चेहरे ओळखण्यातच अडचण होती, तरी फोटोवर चौकटी आखून त्याने माणसापेक्षा उंच चेहरे रंगवले. थोडक्यात, चेहरा न कळताही साम्य येतं.

पण तीच मेख आहे. मोबाइल अगदी जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. चौकटी ते फुगलेलं नाक इमानेइतबारे उतरवतात. शिवाय रेघा! मी सुरुवातीला टोकदार २एचने, म्हणजे कडक शिशाच्या पेन्सिलीने, दाबून आखल्या. खोडल्यावर काही दिसेना, पण गालावर शेडिंग चढवताच कागदातल्या खाचा पांढऱ्या जाळीसारख्या वर आल्या. त्याहून मऊ एचबी पेन्सिल घ्या, हात हलका ठेवा.

लूमिस पद्धतीत आधी गोळा काढायचा, त्याच्या दोन्ही बाजू कापल्यासारख्या चपट्या करायच्या, मग मधली उभी रेघ आणि भुवयांची आडवी. केसांच्या कडेपासून भुवया, भुवयांपासून नाकाचा तळ, तिथून हनुवटी : तीन सारखे भाग. मान वळली, कलली की रेघाही गोळ्यावरून वळतात. समोर बसलेल्या माणसाला काढायचं असेल तर ही समज लागतेच. मात्र सुरुवातीची डोकी एकाच आईची लेकरं दिसतात. साम्य उशिरा येतं, आणि बरेच जण त्याआधीच वही मिटतात.

शेडिंग दोन्हींत सारखंच. त्यावरून निवड करू नका.

कुणाला फोटोवरून चित्र भेट द्यायचंय आणि हाताशी दोन-तीन आठवडेच आहेत? चौकटी. बसल्या जागी माणसं टिपायचीत? लूमिस, आणि हुबेहूबपणाची घाई नको. नक्की ठरत नसेल तर माझं मत चौकटींकडे झुकतं, पण एका अटीवर : दर चित्राला चौकटी मोठ्या करत जायचं. आधी २ सेंमी, मग ४, मग ८. शेवटी चेहऱ्यावर एक उभी आणि भुवयांवरून एक आडवी, एवढ्याच रेघा उरतात. लूमिसच्या गोळ्यावरच्या रेघा त्याच.