स्क्रू खुपणाऱ्या पाठीसाठी खाचेचं कुशन: वापरून लिहितेय

आधीच सांगते, नुसती कंबर दुखते म्हणून कुशन शोधत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाही. स्कोलिओसिसचं, म्हणजे मणका बाजूला वाकतो त्याचं, ऑपरेशन झालंय, पाठीत रॉड आणि स्क्रू आहेत आणि अंगावर मांस कमी असल्यामुळे ते स्क्रू कातडीखाली हाताला लागतात, कुठल्याही कडक खुर्चीला टेकलं की खुपतात, अशा लोकांसाठी लिहितेय. माझं ऑपरेशन शाळेत असताना झालं, हाडं व्यवस्थित जुळलीत, एक्सरे चांगला आहे, दुखणं असं काही नाही. फक्त टेकायचे वांधे आहेत.

वस्तू अशी आहे. खुर्चीच्या पाठीला बांधायचा एक पातळ कडक बेस, त्यावर मेमरी फोमचे दोन लांबट उभे पॅड वेल्क्रोने बसवायचे आणि मधे खाच मोकळी ठेवायची. पॅड उचलून आतबाहेर सरकवता येतात, म्हणजे खाच किती रुंद ठेवायची ते आपण ठरवायचं. प्रत्येक पॅडमधे फोमचे दोन थर आहेत, कव्हरची चेन उघडून त्यातला पातळ थर काढून टाकता येतो. एवढंच आहे, मसाज बिसाज, गरम होणं वगैरे काही नाही आणि ते नाहीये तेच बरंय.

आता हे सरकणारे पॅड एवढे महत्त्वाचे का, ते नीट सांगते, कारण खाच असलेली कुशन्स बाजारात भरपूर आहेत आणि त्यातली बरीचशी आपल्यासाठी उलट त्रासदायक आहेत. त्यांची खाच मधोमध आणि अरुंद असते, जेमतेम दोन बोटं, कारण ती मणक्याच्या मधल्या हाडांना दाब लागू नये म्हणून ठेवलेली असते. पण आपले स्क्रू मधोमध असतात कुठे? ते मणक्याच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन रांगांमधे बसवलेले असतात आणि रॉड त्यांच्या डोक्यांमधून वरून खाली गेलेला असतो. म्हणजे अरुंद खाचेच्या दोन्ही कडा येतात त्या बरोब्बर स्क्रूंच्या रांगांवरच! साध्या सपाट खुर्चीपेक्षा वाईट, कारण आता सगळा भार त्या कडेवरच. दुकानात दोन मिनिटं बसून हे कळत नाही, तासाभराने कळतं. या कुशनमधे मी दोन्ही पॅड पार बाहेर सरकवलेत, स्क्रूंना काहीच लागत नाही, पाठीचा भार बाजूच्या बरगड्यांवर आणि स्नायूंवर जातो. आपल्याला मऊ काहीतरी नको असतं हो, मोकळी जागा हवी असते. कितीही मऊ फोम असला तरी वजन पडलं की दबतो आणि शेवटी स्क्रूचं डोकं काहीतरी कडक गोष्टीला टेकतंच.

लोकांना वाटतं आत केवढं लोखंड भरलंय. साधं लोखंड नसतं, बहुतेक वेळा टायटॅनियम, नाहीतर कोबाल्ट क्रोम किंवा स्टेनलेस स्टील, आणि रॉड साधारण साडेपाच मिलिमीटर जाडीचा, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक. खुपतो तो रॉड कमी, स्क्रूची डोकी जास्त, त्यातही सगळ्यात वरची. मान संपून पाठ सुरू होते तिथे पाठीला मुळातच बाक असतो आणि वर मांस पातळ, त्यामुळे बारीक माणसाला तिथला उंचवटा टीशर्टमधूनही दिसतो. माझा दिसतो. कुणी मागून पाठीवर थाप मारली की मारणारा आधी दचकतो, मी नंतर.

दुसरा मुद्दा त्या कंबरेच्या फुगवट्याचा. ऑफिसच्या चांगल्या म्हणवणाऱ्या खुर्च्या, गाडीच्या सीट, लंबर सपोर्टवाली कुशन्स, सगळ्यांना कंबरेत एक फुगीर भाग असतो. ज्याची कंबर वाकते त्याला तो छान बसतो. पण फ्युजन, म्हणजे ऑपरेशनमधे मणके एकमेकांना कायमचे जोडणं, कंबरेपर्यंत आलं असेल तर पाठीचा तेवढा भाग ऑपरेशनच्या वेळी जसा ठेवला तसाच राहणार, तो कुशनच्या आकारात जाणार नाही, त्यामुळे फुगवटा खालच्या स्क्रूंना ढकलत बसतो आणि वरची पाठ खुर्चीपासून सुटते. मग माणूस अधांतरी बसतो आणि संध्याकाळी मान धरते. हे कुशन वरपासून खालपर्यंत सपाट आहे. फोटोत बघून ते स्वस्तातलं वाटतं पण आमच्या कामाचं तेच आहे.

तिसरी गोष्ट, जी कंपनीच्या माहितीत कुठेच लिहिलेली नाही पण मला सगळ्यात जास्त आवडली. स्कोलिओसिसमधे मणका नुसता एका बाजूला वाकत नाही, स्वतःभोवती फिरतोही, त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे येतात. ऑपरेशनने बाक बराच सरळ होतो पण हा फिरलेला भाग बऱ्याच जणांचा थोडा उरतोच. माझा उजवीकडे आहे. सपाट खुर्चीत माझी उजवी बाजू आधी टेकते, डावी हवेत, आणि शरीर आपोआप डावीकडे फिरून बसतं. मी उजव्या पॅडमधला पातळ थर काढून टाकला, डावा पॅड आहे तसा पूर्ण जाड ठेवला आणि पहिल्यांदा दोन्ही शोल्डर ब्लेड एकाच वेळी टेकले. हे मुद्दाम यासाठी केलंय की धुवायला सोपं जावं म्हणून थर वेगळे ठेवलेत ते देव जाणे, पण उपयोग झाला.

आता तक्रारी. मेमरी फोम ही 1966 मधे नासासाठी विमानाच्या सीटसाठी शोधलेली वस्तू, गुण तेच आणि अवगुणही तेच: उष्णतेने मऊ होतो, थंडीत कडक. एसी जोरात असला किंवा कुशन रात्रभर थंड गाडीत राहिलं तर सुरुवातीला लाकूड होतं नुसतं, अंगाच्या उबेने सैल व्हायला वेळ लागतो. खाच रुंद ठेवली असेल तर चालून जातं, पण अरुंद ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्या.

पट्टा अगदीच फालतू आहे. एकच इलॅस्टिक, तेही मधोमध, त्यामुळे उठबस केली की कुशन एका बाजूला कलतं आणि खाच तिरकी होते, म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी. मी खाली दुसरा पट्टा शिवून घेतला. दोन पट्टे द्यायला काय जात होतं यांचं कळत नाही. आणि ते लेबल! उजव्या पॅडच्या आतल्या कडेला, वरच्या टोकाला, जाड घडीचं शिवलेलं धुण्याच्या सूचनांचं लेबल आहे, आणि ते येतं ते नेमकं माझ्या वरच्या स्क्रूच्या शेजारी. ज्यांच्या व्रणाभोवती अजून बधिरपणा आहे त्यांना ते घासतंय हे कळणारही नाही, संध्याकाळी आरशात लाल रेघ दिसेल तेव्हा कळेल. आल्या आल्या कात्रीने मुळापासून उसवून टाका, नुसतं कापलंत तर उरलेली कड जास्त टोचते.

झोपायला याचा काही उपयोग नाही, बेस कडक आहे. गाडीत चालवताना मी वापरत नाही कारण माणूस पुढे येतो आणि डोक्यामागचा आधार लांब जातो. शेजारी बसताना पण तेच, त्यामुळे गाडीसाठी म्हणून घेऊ नका.

एक गोष्ट रिव्ह्यूच्या बाहेरची आहे पण लिहिते. स्क्रू पहिल्यापासून हाताला लागतायत आणि टेकल्यावरच खुपतायत, तर कुशन बघा. पण आधी नसलेला उंचवटा अचानक वर आला, कातडी लाल किंवा गरम झाली, पातळ होऊन चमकायला लागली, पाणी किंवा पू आला, ताप आला, किंवा कट्कन आवाज होऊन तेव्हापासून नवीन दुखणं सुरू झालं तर कुशन मागवत बसू नका, सर्जनकडे जा. रॉड तुटणं, स्क्रू सैल होणं, ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी इन्फेक्शन होणं, हे सगळं होऊ शकतं. स्क्रू काढायचाही पर्याय असतो, हाडं पूर्ण जुळल्यावर, पण ते परत ऑपरेशनच, आणि काढल्यावर काही जणांचा बाक थोडा परत येतो, म्हणून नुसतं खुपतंय एवढ्यावर बरेच सर्जन लगेच तयार होत नाहीत. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर काय लावायचं ते त्यांनाच विचारा, माझं ऐकू नका.

घेतलंत तर पॅड अंदाजाने लावू नका. पातळ टीशर्ट घालून उभं राहा, घरातल्या कुणाला तरी मागून बोटांनी दोन्ही रांगांच्या बाहेरच्या कडा चाचपायला सांगा आणि टेपने मोजून घ्या, वर एकदा आणि कंबरेपाशी एकदा, कारण खाली रांगा एकमेकींपासून जास्त लांब असतात. मग दोन्ही बाजूंना एकेक बोट जागा सोडून पॅड लावा, वर जवळ आणि खाली लांब असे तिरके लागले तरी वेल्क्रो धरतं.