उकळी की क्लोरीनची गोळी?
साल्हेर किल्ल्यावरील टाक्याचे शेवाळलेले पाणी आधी पंचाच्या चार घड्यांतून गाळून घ्यावे. उकळावे की क्लोरीनची गोळी टाकावी, हा प्रश्न त्यानंतरचा. नाशिक जिल्ह्यातील हा किल्ला १५६७ मीटर उंच असल्याने तेथे पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, तरीही एक मिनिट खळखळून आलेली उकळी जिवाणू, विषाणू आणि परजीवी या सर्वांचा नाश करण्यास पुरेशी असते. अडचण सरपणाची, श्रावणातल्या ओल्या काटक्या धूरच अधिक देतात. गोळी खिशात मावते, परंतु गढूळ पाण्यात तिचा क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो, साधारण अर्धा तास थांबावे लागते आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तिला दाद देत नाही. गुरे उतरतात त्या पाण्यासाठी मी उकळीच निवडेन. द्राक्षबागेखालच्या ओहोळातील कीटकनाशक मात्र दोन्ही उपायांनी जात नाही.