विंडोज 11 वर सात महिने नेटची सेटिंग्ज बदलून काय मिळालं

कांदिवलीत घरी 200 एमबीपीएसचा प्लॅन, पीसीला थेट वायर, तरी स्पीड टेस्ट 94 च्या वर कधी गेलीच नाही. तीन वेळा कम्प्लेंट केली, तिन्ही वेळा ऑपरेटरचा माणूस आला, स्वतःच्या मोबाईलवर वायफायने 180 दाखवलं आणि "साहेब, तुमच्या पीसीतच प्रॉब्लेम आहे" म्हणून निघून गेला. दर महिन्याला पैसे पूर्ण 200 चे मोजतोय, मग डोकं तापणारच ना.

म्हणून स्वतःच मागे लागलो. डीएनएस बदलून क्लाउडफ्लेअरचं 1.1.1.1 केलं, साइट पटापट उघडतायत असं वाटलं, तेव्हा चार जणांना सांगितलंही. आता ते मत मागे घेतो. डीएनएस फक्त साइटच्या नावावरून पत्ता शोधून देतं, डाउनलोडचा स्पीड त्याने वाढत नाही. विंडोज 20 टक्के स्पीड स्वतःसाठी राखून ठेवतं, ते ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंग्जमधून शून्य करा, असा एक उपाय सांगतात, तो पण केला, काडीचा फरक नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे टीसीपी ऑटोट्यूनिंग डिसेबल केलं, म्हणजे पोच न देता एका दमात किती डेटा घ्यायचा (त्याला विंडो म्हणतात) हे विंडोज आपोआप वाढवतं, ते बंद केलं. त्याने विंडो 64 केबीवर अडकते, अमेरिकेतल्या सर्व्हरला जाऊन यायला पाव सेकंद लागत असेल तर एका कनेक्शनला जेमतेम 2 एमबीपीएस मिळतात. ऑफिसच्या फाइली रांगायला लागल्या तेव्हा कळलं. कुणी केलं असेल तर कृपा करून परत नॉर्मल करा.

आणि खरं दुखणं कुठे, तर सेटिंग्जमध्ये इथरनेट (वायरचं नेट) उघडलं की लिंक स्पीडची एक ओळ दिसते, तिथे 100/100, म्हणजे येता-जाता 100 एमबीपीएस. सात महिने डोळ्यासमोर होती! पीसीचं नेटवर्क कार्ड गिगाबिट (1000 एमबीपीएस), राउटर गिगाबिट, मग 100 का? गिगाबिटला वायरच्या आतल्या आठही तारा लागतात, 100 ला चार पुरतात, त्यामुळे बाकीच्या चारातली एखादी तुटली तरी नेट बंद पडत नाही, गपचूप 100 वर उतरतं. हॉलपासून वायर चाचपत गेलो तर बाल्कनीच्या स्लायडिंग खिडकीत, पावसाळ्यात आम्ही काच रेटून लावतो तिथेच, ती चपटी झालेली. सोलली, आत तपकिरी तार तुटलेली.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून क्रिंपर (वायरला टोक दाबून बसवायची पक्कड) आणि कनेक्टर आणले, तेवढा तुकडा कापला, नवीन टोक बसवलं. 1000/1000, टेस्टला 192. ऑपरेटरच्या माणसाने पहिल्याच फेरीत ती ओळ बघायला हवी होती, हे त्याचं रोजचं काम आहे.

काल भावाच्या पीसीवर बघितलं, तिथेही 100/100. रविवारी क्रिंपर घेऊन जातोय.