ऱ्होड आयलंड रेड की ऑस्ट्रालॉर्प? स्वभाव बघून ठरवताना

परसात पाच-सहा कोंबड्या पाळायच्या आणि अंडी नेमाने हवीत, एवढं नक्की झालं की यादी चार नावांवर येते: लेगहॉर्न, ऑर्पिंग्टन, ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प. अंड्यांचे तक्ते कुठेही मिळतील. रोज सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर पहिली दहा मिनिटं काय गोंधळ होतो, ते मात्र तक्त्यात नसतं.

लेगहॉर्नचं चटकन सांगतो. हलकी, चपळ, खाणं बेताचं आणि खुडूक (अंडी उबवायला ठाण मांडून) जवळजवळ बसतच नाही. पण एक बिचकली की सगळ्या भिंतीवर आदळतात. चार फुटांच्या कुंपणाला ती जुमानत नाही. पंख छाटायचे तर एकाच बाजूची टोकाकडची दहा मोठी पिसं छाटावीत, म्हणजे उडताना तोल जातो. दोन्ही बाजूंची छाटली तर तोल तसाच राहतो आणि ती जमेल तेवढी उडतेच. देठात रक्त दिसणारं कोवळं पीस सोडून द्यावं. पिसं पालटली की पुन्हा कात्री आलीच. मोकळं रान असेल तर हिच्याइतकी स्वावलंबी कोंबडी नाही. छोट्या परसात मात्र ती स्वतःही वैतागते आणि आपल्यालाही वैताग देते.

ऑर्पिंग्टन दुसऱ्या टोकाची. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात विल्यम कुक यांनी 1886 साली ही जात पुढे आणली. गुबगुबीत, संथ, उचलली तर उचलली. त्रास एकच: खुडूक बसण्याची हौस. पिल्लं हवी असतील तर सोन्याहून पिवळं. नको असतील तर ती रिकाम्या खोक्यातही ठाण मांडते, अंडी बंद करते, आणि तिच्या खाली हात घातला की अंग फुगवून गुरगुरते. खोक्यातून नुसती उचलून बाहेर ठेवल्याने काही होत नाही, पाच मिनिटांत परत. जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून हातभर उंच ठेवून, दाणापाणी देऊन, आत गवत-भुसा न टाकता तीन-चार दिवस ठेवावी. पोटाखालून वारा लागला की ऊब मोडते. पहिल्या दोन दिवसांत हे केलं तर लवकर सुटते. आठवडा गेल्यावर केलं तर पिंजऱ्याचे दिवसही वाढतात.

आता खरी जोडी.

ऱ्होड आयलंड रेड पहिल्या भेटीत मन जिंकते. धीट, चौकस, हाक मारली की सर्वांत आधी पायाशी, चपलेच्या बंदाला टोचून बघणार. रोगराईला आणि हवापालटाला काटक. एकट्या कोंबडीच्या स्वभावाला गुण द्यायचे असते तर मीही तिलाच दिले असते. पण आपण एक कोंबडी पाळत नाही, कळप पाळतो.

टोचाटोचीची उतरंड, म्हणजे कोणी कोणाला टोचायचं याचा क्रम, प्रत्येक कळपात असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1921 मध्ये ती नीट मांडून दाखवली. फरक असतो तो उतरंड लागल्यानंतरच्या वागण्यात. माझ्या अनुभवात ऑस्ट्रालॉर्पमध्ये आठवड्याभरात मिटतं आणि पुढे नुसती मान उंचावली तरी भागतं. ऱ्होडमधली वरची कोंबडी मात्र रोज नव्याने हक्क सांगते. ती खाद्याच्या भांड्याला आडवी उभी राहते, दोन दाणे खाते, एक टोच मारते. खालची कोंबडी टोच चुकवण्यात सकाळ घालवते. अंड्यांच्या एकूण आकड्यात हे लगेच दिसत नाही, म्हणून महिनाभर लक्षात येत नाही. माझा निर्णय या एका खोडीवर झाला.

ओळखायचं कसं? अंधार पडून सगळ्या दांडीवर बसल्या की एकेकीच्या छातीवरची, उजव्या बाजूची दाण्याची पिशवी चाचपावी. पोटभर खाल्लेलीची लिंबाएवढी, किंचित टणक लागते. रोज तीच एक कोंबडी रिकामी सापडली तर आजारासोबत भांड्याजवळची दादागिरीही तपासा. मानेच्या मागची आणि शेपटीच्या मुळाची पिसं गेली असतील तर शंका उरत नाही.

उपाय आहेत. दोन भांडी, एकमेकांपासून दोन मीटरवर, मध्ये फळी किंवा पाटी आडवी, म्हणजे एकीला दोन्हींवर पहारा करता येत नाही. भांड्याशी दर कोंबडीला दहा सेंटिमीटर, दांडीवर वीस ते पंचवीस, आणि चार कोंबड्यांमागे अंड्यांचं एक खोकं. तरीही भागलं नाही तर मार खाणारीला बाजूला काढू नका, मारणारीला चार-पाच दिवस वेगळं ठेवा. परत येते तेव्हा तिची जागा घसरलेली असते. (रक्त निघालेली कोंबडी मात्र लगेच काढावी, लाल दिसलं की सगळ्याच टोचतात.) हे सगळं जमतं, पण दर चार महिन्यांनी करावं लागलं तर कंटाळा येतो.

ऑस्ट्रालॉर्प काळ्या ऑर्पिंग्टनपासून ऑस्ट्रेलियात घडवलेली. गरीब स्वभावाची म्हणून अंड्यांना कमी, असं समजू नका: 1922-23 मध्ये तिथल्या सहा कोंबड्यांनी 365 दिवसांत 1857 अंडी दिली होती. घरगुती दाणापाण्यावर तेवढी मागू नयेत, एवढंच. तिच्या खोडीही सांगतो. कधीमधी खुडूक बसते, ऑर्पिंग्टनइतकी नाही. काळ्या पिसांमुळे दुपारच्या उन्हात लवकर धापा टाकते, सावली हवीच. अंग जड, म्हणून दांडी दोन फुटांच्या वर नको. रोज उंचावरून उडी मारली की तळपायाला गाठ येते. आणि मका जास्त झाला की चरबी धरते.

एकाच जातीत घराण्या-घराण्यात फरक पडतो, हे मान्य. गरीब ऱ्होडही असते, खाष्ट ऑस्ट्रालॉर्पही निघू शकते. तुमच्याकडे कोल्हा-कुत्र्यांचा वावर असेल, कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतील, तर ऱ्होडची धिटाई कामाची. मोकळ्या जागेत तिची अरेरावीही विरघळते. बंदिस्त जागा, रोज अर्धा तास हाताशी आणि घरात लहान मुलं असतील, तर मी ऑस्ट्रालॉर्पच घेईन.

दोन्हींचा मोह सुटत नसेल तर ऑस्ट्रालॉर्प आधी आणून रुळू द्या. ऱ्होडच्या दोन तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या), वयाने लहान, नंतर आणा. आठवडाभर जाळीपलीकडे ठेवा आणि मग रात्री अंधारात दांडीवर सोडा. उलट क्रमाने केलंत तर नवी भांडी आधीच आणून ठेवा.