एका ग्रामीण मंडळीचा इतिहास: नोंदवह्या बोलतात तिथे उत्तम

पश्चिम पेनसिल्व्हेनियातील प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या एका ग्रामीण मंडळीने (स्थानिक चर्चने) आपल्या इतिहासाची छोटेखानी पुस्तिका काढली आहे. पहिल्या भागात पाळकांची (धर्मगुरूंची) यादी, इमारतींची हकीकत आणि देणगीदारांचे आभार आहेत. तो नुसता चाळला तरी चालेल.

पुस्तिकेचे खरे मोल आहे ते वडीलमंडळाच्या नोंदवह्यांवर आधारलेल्या प्रकरणांत. प्रेस्बिटेरियन पद्धतीत पाळक एकटा कारभार पाहत नाही. सभासदांनी निवडलेले ‘वडील’ म्हणजे ज्येष्ठ कारभारी त्याच्याबरोबर बसून निर्णय घेतात आणि त्यांच्या बैठकांची वही प्रेस्बिटरीपुढे, म्हणजे परिसरातील मंडळ्यांच्या वरिष्ठ सभेपुढे, तपासणीसाठी ठेवावी लागते. वरून कोणी तपासणार, या जाणिवेनेच बहुधा या नोंदी इतक्या काटेकोर झाल्या असाव्यात. दारू पिऊन केलेली भांडणे, शब्बाथाच्या दिवशी (विश्रांतीच्या रविवारी) केलेले शेतकाम, शेजाऱ्याची बदनामी अशी प्रकरणे त्यांत साक्षीपुराव्यांसह येतात आणि संपादकांनी ती सारवासारव न करता छापली आहेत, हे विशेष.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीच्या, टोकनचे छायाचित्र तर पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. शिशाचा नखाएवढा तुकडा, त्यावर ओबडधोबड ठसवलेली मंडळीची आद्याक्षरे. वडिलांनी चौकशी करून पात्र ठरवलेल्या सभासदालाच तो मिळे, आणि तो दाखवल्याखेरीज प्रभुभोजनाच्या मेजाशी बसता येत नसे. स्कॉटलंडमधील ही प्रथा आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टरमार्गे आलेल्या कुटुंबांनी अमेरिकेत आणली, हा धागा लेखकांनी नेमका पकडला आहे.

वादाचा विषय आला की मात्र लेखणी बिचकते. १८३७ मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्च ‘ओल्ड स्कूल’ (जुन्या मताचा) आणि ‘न्यू स्कूल’ (नव्या मताचा) अशा दोन गटांत फुटले आणि उत्तरेकडील राज्यांतील गटांचे मनोमीलन व्हायला १८६९ उजाडले. तेवढ्या काळात ही मंडळी कोणत्या बाजूला होती आणि कोणती घराणी तिला सोडून गेली, याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही. स्त्रियांच्या वाट्याला जेमतेम दोन पाने आली आहेत. या चर्चमध्ये त्यांना वडील होण्याची मुभा १९३० मध्ये मिळाली, पण त्याआधीही मिशनसाठी निधी जमवणारी स्त्रियांची मंडळे गावोगावी होती. त्यांचे हिशेब छापले असते तर आभाराची पाने खुशाल गाळता आली असती.

छपाई स्वच्छ आहे आणि चर्चमधील बसण्याच्या बाकांसाठी कुटुंबांकडून घेतल्या जाणाऱ्या भाड्याचा जुना तक्ता सुवाच्य आला आहे. नामसूची मात्र दिलेली नाही, त्यामुळे आपल्या पूर्वजांचा माग काढणाऱ्याला दफनभूमीची यादी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचावी लागेल.