डीएसीए अर्जासाठीचे मोफत साहाय्य शिबिर

लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेल्या आणि कागदपत्रांविना वाढलेल्या तरुणांना डीएसीए (डिफर्ड ॲक्शन फॉर चाइल्डहूड अरायव्हल्स) या हद्दपारी तात्पुरती लांबणीवर टाकणाऱ्या अमेरिकी सरकारच्या योजनेचा अर्ज करण्यास मदत करणारे एक मोफत शिबिर न्यू जर्सीतील एका सार्वजनिक ग्रंथालयात भरते. परिचयातील एका तरुणाला सोबत म्हणून मी तेथे गेले होते, आणि दोन उणिवा असूनही हे शिबिर मी मनापासून सुचवेन.

अर्ज पुढे करण्याआधी आपण नेमके काय मागत आहोत, हे येथे स्पष्ट सांगितले जाते. 2012 साली सुरू झालेली ही योजना ग्रीन कार्ड देत नाही, नागरिकत्वाकडे नेत नाही आणि कायद्याच्या भाषेत वैध दर्जाही देत नाही. हद्दपारीची कारवाई दोन वर्षांपुरती लांबणीवर पडते आणि कामाचा परवाना मिळू शकतो, इतकेच. टेक्सासमधील न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर प्रथमच केलेल्या अर्जांवर निर्णय होणे थांबले आणि नूतनीकरण मात्र चालू राहिले, हेही वकील आरंभीच सांगतात. एप्रिल 2024 पासून कागदी अर्जाचे शुल्क 605 डॉलर आणि ऑनलाइन अर्जाचे 555 डॉलर झाले असून ते सहसा माफ होत नाही. असे असताना नव्या अर्जदाराला घाई करू नका असे सांगणारा वकील मला अत्यंत प्रामाणिक वाटला.

खरी अडचण अर्जाच्या रकान्यांत नसून पुराव्यांत आहे. 15 जून 2007 पासून अमेरिकेतच सलग वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. पण ज्या घरात भाडेकरार नातेवाइकाच्या नावावर, वीजबिल घरमालकाच्या नावावर आणि मजुरी रोखीने, तेथे हा पुरावा आणायचा कोठून? स्वयंसेवक शाळेची हजेरीपत्रके, लसीकरणाच्या नोंदी, दवाखान्याची जुनी बिले अशा कागदांतून एकेक वर्ष जुळवून देतात आणि मधली रिकामी जागा कशी भरता येईल हे शांतपणे शोधतात. पूर्वी कधी अटक झाली असेल, तर ते संभाषण वेगळ्या खोलीत केवळ वकिलाशीच होते, हे मला विशेष भावले. अर्जातील माहिती हद्दपारी करणाऱ्या यंत्रणेकडे सहसा दिली जात नाही, पण हे बदलता येण्याजोगे धोरण आहे, हेही त्यांनी लपवले नाही.

आपल्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट येथेच नोंदवते. एच-4 व्हिसावर, म्हणजे अमेरिकेत तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर वाढलेल्या, 15 जून 2012 रोजी वैध दर्जा असलेल्या मुलांना ही योजना लागू होत नाही. एकविसाव्या वर्षी त्यांचा तो दर्जा संपतो आणि पुढची वाट बिकट असते. तरीही येथे त्यांना अर्ज करता येत नाही. शिबिरात हे दोन मिनिटांत समजावून सांगतात, त्यामुळे व्यर्थ आशा राहत नाही.

उणिवा मात्र गंभीर आहेत. दुभाषी फक्त स्पॅनिशचा होता. गुजराती आणि पंजाबी बोलणाऱ्या माता बाहेर बसून राहिल्या, आणि मूल कोणत्या वर्षी कोणत्या शाळेत होते हे सर्वांत अचूक त्यांनाच ठाऊक होते. दुसरे म्हणजे, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी 120 ते 150 दिवसांच्या काळात पाठवण्याचा सल्ला दिला जातो. उशीर झाला तर परवाना खंडित होऊन नोकरी जाऊ शकते. शिबिरात ही तारीख कागदावर लिहून देतात, पण नंतर आठवण करून देण्याची सोय नाही. एवढा दूरध्वनी केला, तरी कित्येकांचा रोजगार वाचेल.

पैसे घेऊन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांपेक्षा हे शिबिर निश्चितच सुरक्षित आहे, कारण वकील किंवा न्याय विभागाची मान्यता असलेला प्रतिनिधी यांच्याशिवाय कोणालाही असा कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार नाही आणि येथे प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची पात्रता लिहिलेली असते. नूतनीकरणासाठी जाणाऱ्यांनी जुना कामाचा परवाना, पासपोर्ट आणि न्यायालयाचे काही कागद असतील तर तेही, सर्वांच्या प्रतींसह न्यावेत.