३२७ व्ही-८ वरचे पावणेदोन इंची हेडर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या जुन्या ड्रॅग कारमध्ये (पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या गाडीत) शेव्हरोलेचे ३२७ घनइंची स्मॉल-ब्लॉक इंजिन आणि चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स आहे. दोन हंगाम मी तिच्यावर १.८७५ इंच व्यासाच्या प्रायमरी नळ्यांचे (प्रत्येक सिलिंडरमधून निघणाऱ्या स्वतंत्र नळ्यांचे) तयार हेडर, म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणारे नळ्यांचे संच, वापरले आणि गेले आठ महिने मोजमाप देऊन बनवून घेतलेले पावणेदोन इंची हेडर वापरत आहे. नळी बारीक केल्यावर गाडी सुरुवातीला आणि गिअर बदलताना अधिक जोमाने धावू लागली हे सांगितले की पुष्कळांना पटत नाही, म्हणून हिशेबासकट लिहितो.

जुन्या हेडरवर इंजिन वरच्या फेऱ्यांत (मिनिटाला होणाऱ्या क्रँकच्या फेऱ्यांत) उत्तम चाले, पण गिअर बदलताच गाडी क्षणभर दमल्यासारखी होई. माझ्या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४६ आहे, त्यामुळे ६,५०० फेऱ्यांवर चौथा गिअर टाकला की इंजिन सुमारे ४,४५० फेऱ्यांवर उतरते. जुन्या जाणकारांचे एक सूत्र आहे : नळीच्या आतल्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस इंचांत घ्यावे, त्याला ८८,२०० ने गुणावे आणि एका सिलिंडरच्या घनइंचांनी भागावे, म्हणजे ती नळी कोणत्या फेऱ्यांच्या आसपास टॉर्कला (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराला) सर्वाधिक साथ देईल याचा अंदाज येतो. १८ गेजच्या नळीची ०.०४९ इंच जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली, तर १.८७५ इंची नळीचे उत्तर सुमारे ५,३५० येते आणि पावणेदोन इंचीचे सुमारे ४,६३०. माझे इंजिन प्रत्येक धावेत जिथे उतरत होते, तिथे जुनी नळी त्याच्यासाठी फार रुंद होती.

नळीच्या लांबीचा विचार लाटेचा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट नळीतून धावते, कलेक्टरपाशी, म्हणजे एका बाजूच्या चारही नळ्या एकत्र येतात त्या रुंद नळीपाशी, वाट एकदम रुंदावल्यामुळे तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते, आणि ती एक्झॉस्ट आणि इनटेक हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असताना परत पोहोचली, तर जळलेला वायू बाहेर ओढून ताज्या मिश्रणाला आत यायला मदत करते. माझ्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचण्याच्या ७० अंश आधी उघडतो. लांबीच्या सूत्राप्रमाणे १८० मध्ये ७० मिळवून ८५० ने गुणले, ६,५०० ने भागले आणि ३ वजा केले, की लांबी जवळजवळ ३० इंच येते.

स्टिअरिंगच्या दांड्यामुळे सातव्या सिलिंडरची नळी मात्र दोन इंच लांब ठेवावी लागली. हे मला आधी फार खटकले. परंतु या इंजिनाचा प्रज्वलनक्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२ असल्यामुळे डाव्या बाजूचे ५ आणि ७ हे सिलिंडर लागोपाठ, क्रँकच्या अवघ्या ९० अंशांच्या अंतराने पेटतात. म्हणजे त्या कलेक्टरमध्ये चार ठोके समान अंतराने कधीच येत नाहीत. हे ध्यानात आल्यावर लांबीच्या तंतोतंत समानतेचा हट्ट मी सोडला.

सर्वाधिक समाधान दिले ते कलेक्टरच्या लांबीने. तीन इंची कलेक्टरला मुद्दाम लांब जोडनळी लावली, तिच्यावर साध्या रंगाचा उभा पट्टा ओढला, एक पूर्ण धाव घेतली आणि रंग जळणे जिथे थांबले होते, तिथे नळी कापली. पद्धत जुनी आहे, खर्च काहीच नाही, आणि गिअर बदलल्यानंतरचा फरक बसल्या जागी जाणवतो.

पहिल्या ६० फुटांची माझी वेळ १.७१ सेकंदांवरून १.६६ वर आली आहे. पाव मैलाच्या शेवटी वेग जवळपास तेवढाच आहे, कारण कमाई सगळी सुरुवातीला आणि गिअर बदलताना झाली. कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणारे छिद्र) मात्र एक पायरी मोठे करावे लागले. इंधनाचे प्रमाण कळण्यासाठी स्पार्क प्लगचा रंग पाहिल्याशिवाय नव्या हेडरवर पूर्ण धाव घेऊ नये.

दोषही सांगायला हवेत. पहिल्या तीन-चार वेळा इंजिन तापून गार झाल्यावर फ्लँजचे (हेडर इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट ढिले पडले आणि प्रत्येक वेळी पुन्हा आवळावे लागले. पाचव्या महिन्यात सातव्या नळीच्या वेल्डिंगशेजारी केसासारखी भेग गेली. कलेक्टरला आधार नव्हता आणि त्याचा सगळा भार त्या जोडावर येत होता. आता गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीपासून लवचीक टांगणी दिली आहे, आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत तो जोड शाबूत आहे.